मुलाच्या अंडकोषात पाणी (हायड्रोसील): आत्ताच ऑपरेशन की दोन वर्षांपर्यंत थांबावं?

रानजाई (सोम, 22:41)

नमस्कार. नाशिकमधल्या आईवडिलांचा, आणि इथे कुणी डॉक्टर असतील तर त्यांचाही सल्ला हवा आहे.

माझा मुलगा सोळा महिन्यांचा आहे. उजव्या बाजूचा अंडकोष जन्मापासूनच मोठा दिसायचा. तेव्हा बालरोगतज्ज्ञ म्हणाले होते, पाणी आहे, वर्षभरात जिरेल. वर्ष उलटलं, पाणी काही गेलं नाही. सकाळी झोपेतून उठतो तेव्हा जवळजवळ सपाट असतं आणि संध्याकाळी पाळणाघरातून घरी आणते तोवर लिंबाएवढं फुगलेलं असतं. दुखत नाही, शी-शू व्यवस्थित, पळापळ चालूच.

आता दोन ठिकाणी दाखवून आलो. एका सर्जनचं म्हणणं, सकाळ-संध्याकाळ फरक पडतो म्हणजे पोटाकडची वाट उघडी आहे, ती आपोआप मिटेल याची खात्री नाही, करून टाकू. दुसरे म्हणाले, दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत हात लावायचं कारण नाही. दोघंही पेडियाट्रिक सर्जन आणि दोघांनीही नीट वेळ देऊन तपासलं.

घरी सासूबाई म्हणतात कान टोचून आण. नवऱ्याला भुलीची भीती वाटते. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. थांबलो तर मुलाचं काही नुकसान होतंय का? आणि थांबायचं ठरवलं तर कशावर लक्ष ठेवायचं?

सिडकोकर (सोम, 23:05)

रानजाई, आमच्या धाकट्याला दोन्ही बाजूंना होतं, जन्मतःच. पहिल्या वाढदिवसाच्या आधी पूर्ण गेलं, काही करावं लागलं नाही. पण आमच्याकडे ते कमी-जास्त होत नव्हतं. दिवसभर एकाच मापाचं असायचं आणि हळूहळू ओसरत गेलं. तुमचं रोज बदलतंय. त्यामुळे आमच्यावरून तुमचं ठरवू नका, एवढंच सांगायला लिहिलं.

तिफण (मंगळ, 06:20)

ताई, मी पिंपळगाव बसवंतजवळचा. थांबायला माझी ना नाही, पण आधी ते नक्की पाणीच आहे ना याची खात्री करून घ्या.

आमच्या मुलालाही गावात सगळे पाणीच म्हणत होते. तो रडला किंवा जोर केला की जांघेतही फुगवटा यायचा, निजला की जायचा. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस होते, मजूर लागलेले, सर्जनकडे जाणं पुढे ढकललं जात होतं. एका रात्री तो रडायचा थांबेचना. डायपर सोडला तर जांघेपासून खालपर्यंत टणक गाठ, हात लावू देत नव्हता. नंतर हिरवट उलटी झाली. पिकअप काढली आणि ओझर मागे टाकून थेट नाशिकला आणला. तिथल्या सर्जननी झोपेचं औषध देऊन हळूहळू दाबत आतडं आत सरकवलं. सूज उतरू दिली आणि मग दोन दिवसांनी ऑपरेशन केलं. तो अंतर्गळ होता, म्हणजे हर्निया. पाणी होतं तेही त्याच वाटेनं उतरलेलं.

पोरगा आता उसात, बागेत सगळीकडे पळतो. पण ती रात्र कुणावर येऊ नये.

रानजाई (मंगळ, 09:48)

दादा, मनापासून आभार. वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे जांघेत फुगवटा कधी दिसला नाही, फक्त खाली पिशवीत असतो. पण मी मुद्दाम तिथे पाहिलेलंही नाही. रडताना नेमकं कुठे बघायचं?

शल्यक (मंगळ, 13:30)

मी पेडियाट्रिक सर्जन आहे, नाशिकमध्येच काम करतो. न तपासता कुणा एका मुलाचा निर्णय इथे देणार नाही. निर्णय कसा होतो ते मात्र सविस्तर लिहितो, कारण पालकांना बहुतेक वेळा फक्त निकाल सांगितला जातो, कारण नाही.

बाळ पोटात असताना वृषण त्याच्या पोटात तयार होतात आणि साधारण सातव्या महिन्यापासून जांघेच्या वाटेनं खाली उतरतात. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक बारीक नळी सोबत खाली येते. काम झालं की ती नळी मिटायला हवी. कित्येक मुलांमध्ये ती जन्मानंतरही काही महिने उघडी असते आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षात मिटते. उजवा वृषण उशिरा उतरतो, म्हणून उजव्या बाजूला हा त्रास जास्त दिसतो.

पुढचं सगळं त्या नळीवर अवलंबून आहे. नळी मिटली पण खाली थोडं पाणी अडकून राहिलं, तर सिडकोकरांच्या मुलासारखं होतं. माप दिवसभर तेच, आणि शरीर ते पाणी हळूहळू शोषून घेतं. नळी बारीक उघडी राहिली तर पोटातलं पाणी दिवसभर उभं राहून, खेळून खाली उतरतं आणि रात्री आडवं झाल्यावर परत जातं. रानजाईंनी लिहिलंय ते हेच. आणि नळी आतडं शिरण्याइतकी रुंद असेल तर तो हर्निया, म्हणजे तिफण यांच्या मुलाचं.

हर्निया असेल तर वयाची वाट पाहत नाहीत. बाळ जितकं लहान, तितका आतडं अडकायचा धोका मोठा. म्हणून तो सापडला की लवकरची तारीख घेतात, मूल तीन महिन्यांचं असो की तीन वर्षांचं.

फक्त पाणी असेल तर थांबायला जागा आहे. एकाच मापाचं असेल तर बहुतेकदा वर्षाच्या आत जातं. कमी-जास्त होणारं असेल तर आपोआप जाण्याची शक्यता कमी, पण शून्य नाही. दुसऱ्या वर्षात नळी मिटलेली मुलं मी स्वतः पाहतो. दोन वर्षांनंतर मात्र ती शक्यता बरीच घटते, शिवाय हर्निया होण्याची वाट उघडीच राहते, म्हणून बहुतेक सर्जन तिथे रेघ ओढतात. रानजाई, तुम्हाला भेटलेल्या दोघांत मला फार मोठा विरोध दिसत नाही. पहिल्यांनी नळी मिटायची शक्यता कमी धरली, दुसऱ्यांनी तिला आणखी आठ महिने द्यायचं ठरवलं. त्यांना एकच नेमका प्रश्न विचारा: "तपासताना तुम्हाला हर्निया जाणवला का?" दोघांचंही उत्तर "नाही" असेल तर थांबणं हा बेजबाबदारपणा नाही. एकाचंही "हो" असेल तर थांबू नका.

आता लक्ष कुठे ठेवायचं. मांडी आणि पोट जिथे मिळतात ती घडी, आणि तिथून अंडकोषाकडे जाणारा भाग. मूल रडताना, शी करताना जोर लावेल तेव्हा किंवा उभं राहून खोकेल तेव्हा तिथे फुगवटा येतो का पाहा. आला तर फोनवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात मूल शांत असतं आणि फुगवटा गायब होतो, अशा वेळी तो व्हिडिओ आमच्या फार कामाचा असतो. साध्या पाण्यात आम्हाला फुगवट्याच्या वर बोटं मिळवता येतात, हर्नियात मिळत नाहीत, कारण तो वर पोटापर्यंत गेलेला असतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावली की पाणी लालसर उजळतं हे खरं आहे, पण घरी त्यावरून निदान करू नका. तान्ह्या बाळाचं आतडंही उजळतं.

नुकसानीबद्दल विचारलंत. मऊ, साध्या हायड्रोसीलनं वृषणाला इजा होत नाही. खूप मोठं आणि ताठ झालं, कातडी ताणून चकाकायला लागली किंवा पाणी वर पोटाकडे चढलं, तर वय न बघता लवकर करतो. आणि एक तपासणी पालकांकडून राहून जाते. दोन्ही वृषण खाली पिशवीत लागतात का, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. पाण्याच्या फुगवट्यात न उतरलेला वृषण लपून राहू शकतो आणि त्याचं वेळापत्रक वेगळं आहे. ते ऑपरेशन साधारण दीड वर्षाच्या आत व्हायला हवं.

गाठ टणक होणं, आत न जाणं, रंग लाल-निळा होणं, मूल कळवळणं, उलट्या, पोट फुगणं: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. त्या वेळेपासून मुलाला खायला-प्यायला देऊ नका आणि सरळ जिथे सर्जन आहे तिथे न्या.

गोदाकाठ (मंगळ, 16:12)

मी पंचवटीत वाढले, वय साठीच्या पुढे. कान टोचणं, करदोटा बांधणं, एरंडाचं पान तव्यावर गरम करून लावणं हे सगळं आमच्या वाड्यात व्हायचं. माझ्या भावालाही केलं होतं आणि त्याचं पाणी गेलं, असं आई कायम सांगायची. वरचं वाचताना लक्षात आलं की भाऊ तेव्हा सात-आठ महिन्यांचा होता. म्हणजे ते जाणारच होतं, श्रेय कानाला मिळालं.

रानजाई, सासूबाईंशी वाद घालू नकोस गं. त्यांनी असंच कुणाचं तरी गेलेलं पाहिलेलं असणार. कान टोचायचे असतील तर हौसेनं टोचा, बारशासारखा छान कार्यक्रम करा. पण सर्जनची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका. गरम पान तर अजिबात नको. तिथली कातडी फार नाजूक असते.

शल्यक (मंगळ, 16:40)

ताई, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. त्यात तंबाखूच्या पानाची भर घालतो. ते बांधून आणलेली बाळं अजूनही येतात. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून शरीरात शिरतं. बाळ मलूल होतं, उलट्या करतं, आणि मग आम्हाला आतडं अडकलंय की तंबाखू बाधलीय हे शोधत बसावं लागतं.

सातपूरकर (मंगळ, 19:02)

डॉक्टर, सुईनं पाणी काढून टाकलं तर भागत नाही का? आमच्या कंपनीत एकाचं तसंच काढलं होतं.

शल्यक (मंगळ, 21:15)

मोठ्या माणसाचं वेगळं. मुलात पाणी वरून येतंय, म्हणून काढलं तरी पुन्हा भरतं. सुईतून जंतू जाऊ शकतात, आणि आत आतडं असेल तर त्यालाच टोचलं जाईल. मुलांमध्ये हे करत नाहीत.

याच कारणानं ऑपरेशनही अंडकोषावर होत नाही. जांघेतल्या नैसर्गिक घडीत छोटा छेद घेऊन ती नळी वृषणाच्या शिरा आणि वीर्यनलिकेपासून हलकेच सोडवतात, पोटाच्या तोंडाशी बांधतात आणि खालचं पाणी मोकळं करतात. काम नाजूक आहे. वीर्यनलिका त्या वयात दोऱ्याएवढी असते, म्हणून ज्यांचा हात रोज लहान मुलांवर चालतो अशांकडेच करा. रक्त साकळणं, जखमेत पू होणं, पुन्हा पाणी येणं, वृषण वर ओढला जाणं, नलिकेला इजा होणं हे धोके आहेत. कमी आहेत, पण सही करण्याआधी सर्जनकडून ऐकून घेण्याचा तुमचा हक्क आहे.

रानजाई (मंगळ, 22:30)

डॉक्टर, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून नवऱ्याच्या हातात दिली. आता त्यांचा प्रश्न: एवढ्या लहान मुलाला पूर्ण भूल दिली तर मेंदूवर परिणाम होतो असं त्यांनी वाचलंय. हे खरं आहे का?

शल्यक (बुध, 14:05)

भीती निराधार नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) इशारा दिला होता की तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त वेळ भूल दिली तर वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. त्यानंतर 2019 मध्ये सात देशांतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात सातशेहून जास्त तान्ह्या बाळांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, म्हणजे आपण बोलतोय जवळपास तेच. काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, दोन गटांत फरक दिसला नाही. भूल साधारण तासाभराची होती.

म्हणजे एकदाच, तासाभराची भूल लागणाऱ्या ऑपरेशनसाठी मेंदूच्या भीतीनं थांबायची गरज नाही. आणि पाणी आपोआप जाण्याची शक्यता असेल तर विनाकारण भूल द्यायचीही गरज नाही. तुमच्या नवऱ्यांना सर्जनपेक्षा भूलतज्ज्ञांशी बोलू द्या. मूल सर्दी-खोकल्यानं बेजार असेल तर ते स्वतःच तारीख पुढे टाकतील.

बोरमाळ (बुध, 15:50)

आमचं या हिवाळ्यात झालं, मुलगा अडीच वर्षांचा. ऑपरेशनपेक्षा उपाशी ठेवणं अवघड गेलं, म्हणून ते आधी लिहिते. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं असेल तर चार तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. सकाळी पहिला नंबर मागून घ्या, म्हणजे उपासाचा बराचसा वेळ झोपेत जातो. आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून ठेवलं होतं आणि घरात कुणीही चहा केला नाही, कारण बिस्किटाच्या डब्याचा आवाज आला की संपलं.

भूल दिल्यावर पाठीच्या खालच्या टोकाशी एक इंजेक्शन देतात, त्यामुळे उठल्यावर दुखत नाही, पण पाय काही वेळ लटपटतात. आम्हाला हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी घाबरलेच असते. संध्याकाळी घरी सोडलं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, बस. टाके आतले, विरघळणारे. दुसऱ्या दिवशी तो सोफ्यावरून उड्या मारायला बघत होता, त्याला धरून ठेवणं हेच काम. तीनचाकी आणि झुलता घोडा काही आठवडे माळ्यावर टाका, कारण पाय फाकवून बसलं की नेमका तिथेच दाब येतो.

आणि हो, ऑपरेशननंतरही अंडकोष सुजलेला दिसतो. आमच्या घरी सगळे म्हणाले, गेलंच नाही की! काही आठवड्यांत उतरतं.

सातपूरकर (बुध, 20:30)

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खासगी मेडिक्लेमच्या कित्येक पॉलिसींत हायड्रोसील आणि हर्निया पहिली दोन वर्षं धरत नाहीत. पॉलिसीतली प्रतीक्षा कालावधीची यादी काढून बघा आणि थांबायचंच असेल तर ती मुदत कधी संपते तेही बघा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा ही अट नसते, पण एचआरकडून लेखी घ्या. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी आधी सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये विचारावं, तिथून पुढे पाठवतात.

अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांच्यामार्फत हर्निया-हायड्रोसीलची ऑपरेशनं मोफत होतात. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. महात्मा फुले योजनेसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारायचं. खासगीत करणार असाल तर पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञांची फी आणि औषधं धरली आहेत का, ते आधी लिहून घ्या.

झाडीपट्टी (गुरु, 08:15)

मी मूळचा चंद्रपूरचा, सध्या इंदिरानगरला. आमच्याकडे अंडवृद्धी म्हटलं की हत्तीरोगच आठवतो. रानजाईंच्या बाळाची ती रक्ततपासणी करावी का?

शल्यक (गुरु, 13:20)

चंद्रपूर-गडचिरोलीत तो विचार मोठ्या माणसांत सगळ्यात आधी करावा लागतो. पण डासांमधून येणारे ते जंतू वर्षानुवर्षं शरीरात राहिल्यावर अंडवृद्धी होते. जन्मापासून पाणी असलेल्या नाशिकच्या सोळा महिन्यांच्या मुलाला त्या तपासणीची गरज नाही.

रानजाई (शुक्र, 21:55)

सगळ्यांना कळवते. आज दोन्ही डॉक्टरांकडे तोच प्रश्न घेऊन गेलो. दोघांनीही सांगितलं, हर्निया जाणवला नाही, दोन्ही वृषण जागेवर आहेत. पहिल्या सर्जननी स्वतःहून म्हटलं, मग दोन वर्षांपर्यंत थांबायला माझी हरकत नाही, पण मधे एकदा दाखवून जा. आम्ही थांबायचं ठरवलं आहे. फ्रिजवर धोक्याच्या लक्षणांचा कागद लावला आहे आणि पाळणाघराच्या ताईंनाही एक प्रत दिली, कारण दिवसभर मूल त्यांच्याजवळ असतं. दुसरा वाढदिवस नोव्हेंबरात दिवाळीच्या आसपास येतो. तोवर पाणी राहिलं तर सण झाल्यावर ऑपरेशन, नवऱ्यांनीही हो म्हटलंय. तोपर्यंत ते भूलतज्ज्ञांशी बोलून घेणार आहेत.

कुणीतरी मेसेज करून फोटो मागितला होता, तुलना करायला. टाकू का इथे?

शल्यक (शुक्र, 22:20)

फोटो इथे नको, व्हॉट्सॅप ग्रुपवरही नको. मुलाचा आहे, कुठे जाईल सांगता येत नाही. फक्त सर्जनला, समोर बसून, तुमच्या फोनवर दाखवा. बाकी निर्णय विचारपूर्वक घेतलात. पाळणाघराचं तर मी कधी कुणाला सुचवलं नव्हतं, आता सुचवेन.

वणीकर (शनि, 18:10)

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलगा आठ वर्षांचा, आधी काहीही नव्हतं. चार दिवसांपूर्वी क्रिकेट खेळताना बॉल लागला. दुखणं थांबलं, पण डावी बाजू सुजलेलीच आहे. यालाही वाट बघायची का?

शल्यक (शनि, 18:25)

नाही. या वयात नव्यानं आलेल्या सुजेला वरचं काहीही लागू होत नाही. मार, जंतुसंसर्ग, वृषणाला पडलेला पीळ किंवा क्वचित गाठ, यातल्या कशामुळेही आजूबाजूला पाणी जमू शकतं. दुखणं थांबलं याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही, कधी कधी रक्तपुरवठा तुटल्यावरही दुखणं कमी होतं. आजच सर्जनना दाखवा आणि डॉपलर सोनोग्राफी (रक्तपुरवठा दाखवणारी) करून घ्या. शनिवार संध्याकाळ आहे, ओपीडी बंद असेल तर कॅज्युअल्टीत जा.

वणीकर (शनि, 18:31)

निघतो.